ऑर्किड मलूल झालंय? पाणी घालायच्या आधी मुळं बघा

दर उन्हाळ्यात मला एकाच जातीचे फोटो येतात. लोंबलेली, कातड्यासारखी सुरकुतलेली दोन-चार पानं, आणि खाली मजकूर: "रोज पाणी घालते की, तरी असं का झालं?" मी उलट एकच मागते, मुळांचा फोटो पाठवा. त्यावर बहुतेक जण गप्प होतात, कारण कुंडीच्या आत कुणी डोकावलेलंच नसतं.

सगळी गोम इथेच आहे. तहानेने ऑर्किडचं पान सुरकुततं आणि मुळं कुजली तरी ते अगदी तसंच सुरकुततं. दोन्ही वेळा पानापर्यंत पाणी पोचत नाही. पहिल्या वेळी कुंडीत पाणी नसतं म्हणून, दुसऱ्या वेळी ते ओढून घ्यायला मुळंच उरलेली नसतात म्हणून. पहिल्याला पाणी दिलं की चार-आठ दिवसांत तरतरी येते. दुसऱ्याला दिलं तर उरलंसुरलं मूळही जातं. नुसतं पान बघून हा फरक भल्याभल्यांना कळत नाही.

खाली जे लिहिलंय ते मुख्यतः फॅलेनॉप्सिससाठी, म्हणजे रुंद, जाड पानांचं आणि फुलपाखरासारख्या फुलांचं जे ऑर्किड भेट म्हणून घरी येतं त्यासाठी. डेंड्रोबियम, म्हणजे उसासारख्या पेरांचं, त्याला जिथे वेगळं वागवायचं तिथे तसं सांगितलंय.

## तयारी: कुंडी उलटी करायच्या आधी

एकदा मुळं बाहेर काढली की "अगं बाई, साल भिजवायची राहिली" असं म्हणत बसता येत नाही. सोलापूरच्या एप्रिलमधल्या हवेत उघडी मुळं दुपारपर्यंत कडक होतात. म्हणून आधी हे हाताशी ठेवा:

- एक धारदार कात्री किंवा ब्लेड, आणि मेडिकलमधून आणलेलं सर्जिकल स्पिरिट.
- पाइनची साल आणि थोडं स्फॅग्नम मॉस, म्हणजे पाणी धरून ठेवणारं वाळवलेलं शेवाळ. दोन्ही आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला. कोरडी साल पाणी धरतच नाही, वरून घातलेलं सरळ खाली निघून जातं.
- साल मिळाली नाही तर नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे. यात क्षार असतात, म्हणून तीन-चार दिवस भिजवून रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी पाणी चहासारखं लाल होतं. ते फिकं पडेपर्यंत घाई नको.
- लाकडी कोळशाचे थोडे तुकडे, धुऊन.
- पारदर्शक प्लॅस्टिकची, बुडाला आणि बाजूने भोकं असलेली कुंडी. नसेल तर कोल्ड्रिंकचा मोठा प्लॅस्टिक ग्लास घ्या आणि गॅसवर खिळा तापवून दहा-बारा भोकं पाडा. मी अजूनही हेच करते.
- जुना सोलापुरी टॉवेल. मुळं पसरून ठेवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, पाणी लगेच टिपून घेतो.

आता पाण्याचं. आपल्याकडे सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे घरोघरी बोअरचं आणि टाकीतलं पाणी एक होऊन जातं. नळावर, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच थर ऑर्किडच्या मुळांवर आणि कुंडीच्या काठावर बसतो. त्याने मुळांची टोकं करपतात, मग पानांची. पाणी उकळून हे सगळे क्षार जात नाहीत, उरलेले उलट दाट होतात. रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडेल, क्षार तिथेच राहतील. ऑर्किडला आरओचं पाणी किंवा साठवलेलं पावसाचं पाणी द्या. टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, असेल तर आकडा २०० च्या आत हवा.

सावधान: आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून बाहेर पडणारं पाणी "वाया कशाला घालवायचं" म्हणून ऑर्किडला घालू नका. गाळून मागे राहिलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात. त्याने फरशी पुसा.

## १. आधी बाजूला काढा, आणि एक दिवस काहीही करू नका

आजारी रोप बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. पाणी नाही, खत नाही, "जरा ऊन लागू दे" म्हणून गच्चीवर नेणंही नाही. घाबरून एकाच दिवशी पाणी, खत, औषध आणि नवी कुंडी असं सगळं केलं की रोप जगलं तरी का जगलं ते कळत नाही, आणि मेलं तरी तेच.

जागा पूर्वेच्या खिडकीजवळची असावी, थेट उन्हाची नसावी. फळांच्या टोपलीशेजारी तर अजिबात नको. पिकणाऱ्या केळ्या-आंब्यांतून इथिलीन वायू निघतो, त्याने ऑर्किडच्या कळ्या पिवळ्या पडून गळतात. आंब्याची आढी घातलेल्या खोलीत ठेवलेलं ऑर्किड कळ्या टाकतं, आणि दोष बिचाऱ्या पाण्यावर जातो.

## २. रोप न काढता तपासणी: गाभा, पानं, मग मुळं

क्रम हाच ठेवा. पानं डोळ्यांत भरतात म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात, पण जीव गाभ्यात असतो.

गाभा. सगळी पानं जिथून निघतात तो मधला भाग. मधलं कोवळं पान दोन बोटांत धरून अगदी हलकं ओढा. घट्ट असेल तर पुढे जा. अलगद हातात आलं, बुडाशी काळपट ओलं दिसलं आणि वास आला, तर गाभा कुजलाय. त्याचं काय करायचं ते शेवटी आहे.

पानं. सगळ्यांत खालचं एकच पान पिवळं पडत असेल तर ते म्हातारं झालंय, सोडून द्या. एकदम तीन-चार पिवळी पडली तर मुळांकडे बोट जातं. डाग असतील तर ते कोरडे की ओले ते बघा. कोरडा, पांढरट-तपकिरी, एका जागी थांबलेला डाग म्हणजे ऊन लागलंय. पश्चिमेच्या खिडकीत हे हमखास होतं. ओला, पाण्याचा फोड आल्यासारखा, पसरणारा आणि वास येणारा डाग म्हणजे जिवाणूंचा रोग.

कळत नसेल तर एक सोपा उपाय आहे. सीडीवर लिहायच्या मार्कर पेनाने डागाच्या कडेकडेने रेघ मारा, शेजारी तारीख टाका. दोन दिवसांनी डाग रेघेच्या बाहेर गेला असेल तर तो रोग. आतच असेल तर रोप फक्त सावलीत हलवा आणि पान कापू नका, उरलेलं हिरवं पान कामाचं असतं.

कीड. पानाची खालची बाजू आणि पानांच्या बेचक्या. कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. आपल्या जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्यांना ही कीड सांगायला नको. नखाने खरवडून निघणारे तपकिरी टिपके म्हणजे खवले कीड. पान धुळकट, चंदेरी दिसतंय आणि खालून बारीक जाळी आहे म्हणजे कोळी, घरातला नव्हे, झाडावरची बारीक कीड. तो कोरड्या हवेत वाढतो, म्हणजे मार्च ते मे त्याचाच हंगाम. फुलांच्या दांड्यावर मात्र नुसता स्वच्छ, चिकट थेंब असेल आणि कीड कुठेच नसेल तर घाबरू नका. तो रोपाचा स्वतःचा गोड रस असतो.

पिठ्या आणि खवल्यांसाठी कानकोरण्याचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसून काढा. कोळ्यासाठी आधी पानांच्या दोन्ही बाजू पाण्याने धुवा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली नीम तेल आणि भांड्याच्या लिक्विड सोपचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. दर सात दिवसांनी, निदान तीन वेळा. एकदाच करून थांबलात तर अंड्यांतून पुढची पिढी येते.

तपासा: पारदर्शक कुंडी असेल तर मुळांचा रंग बघा. चंदेरी-राखाडी म्हणजे जिवंत, पण कोरडी. हिरवी म्हणजे जिवंत आणि ओली. सगळी चंदेरी आणि टणक असतील तर तुमचं रोप खरंच तहानलेलं आहे. कुंडी पंधरा मिनिटं आरओच्या पाण्यात बुडवा, निथळवा, आणि हा लेख इथेच बंद करा.

## ३. कुंडीतून काढणं

मुळं काळी-तपकिरी दिसतायत, किंवा कुंडी अपारदर्शक आहे आणि काहीच दिसत नाही, तर काढावंच लागेल.

कुंडी बाजूने दाबून सैल करा, उलटी करा, रोप बुडाशी धरून हळूच काढा. मुळं चिकटली असतील तर आधी दहा मिनिटं पाण्यात ठेवा, ती मऊ होतात आणि मोडत नाहीत. जुनी साल, जुनं मॉस सगळं काढून टाका.

मधोमध नीट बघा. विकत आणलेल्या रोपात बुडाखाली बहुधा मॉसचा घट्ट बोळा असतो, रोपवाटिकेत लहानपणी लावलेला. बाहेरची साल कोरडी ठणठणीत आणि आतला बोळा आठ-आठ दिवस चिंब, अशी ही चोरी असते. माझं पहिलं ऑर्किड यानेच गेलं. विकणाऱ्याने "रोज कपभर पाणी घाला" सांगितलं, मी इमानेइतबारे घातलं. सहा आठवड्यांनी पानं गळाली, तेव्हा आत हात घातला तर बोळा पिळता येत होता. चिमट्याने तो पूर्ण काढा, दोन-चार मुळं मोडली तरी चालतील.

मग मुळं आरओच्या पाण्याच्या धारेखाली धुवा.

## ४. कोणतं मूळ कापायचं, कोणतं ठेवायचं

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून इथे वेळ घाला.

रंगावर जाऊ नका. कुंडीच्या आत उजेड नसतो, तिथली चांगली मुळंही पिवळट-तपकिरी असतात. प्रत्येक मूळ अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. टणक लागलं तर जिवंत, रंग कसाही असो. पचकन दबलं, पाणी सुटलं, किंवा कागदासारखं पोकळ लागलं तर मेलेलं. मेलेल्या मुळाची साल ओढली की मोज्यासारखी निघून येते आणि आत नुसता दोरा राहतो.

जुळे सोलापूर भागातल्या एक काकू मागच्या पावसाळ्यात रोप घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे यायच्या आधीच त्यांनी सगळी तपकिरी मुळं छाटली होती. "काळी दिसली म्हणून काढली, स्वच्छ केलं," म्हणाल्या. कापलेली मुळं त्यांनी पिशवीत आणली होती. दाबून बघितली तर निम्मी टणक. रोप वाचलं, पण त्या चुकीपायी वर्ष वाया गेलं.

कापताना:

- ब्लेड स्पिरिटने पुसा आणि वाळू द्या. एक रोप झालं की दुसऱ्याला हात लावायच्या आधी पुन्हा. ऑर्किडचे विषाणूरोग एकाच कात्रीतून फिरतात आणि त्यांना औषध नाही.
- मऊ भाग संपून टणक भाग सुरू होतो तिथे कापा.
- अर्धं मेलेलं, अर्धं जिवंत असेल तर जिवंत अर्धं ठेवा.
- आतला दोरा तेवढा उरलेला असेल तर एखाद-दुसरा राहू द्या, रोप कुंडीत उभं राहायला त्याचा आधार होतो.

सावधान: स्पिरिट लावलेलं ब्लेड ओलं असताना गॅसजवळ नेऊ नका. ज्योतीवर तापवायचं असेल तर स्पिरिट वापरूच नका. दोन्हीपैकी एक.

कापल्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. फेस येतो म्हणून काम झाल्यासारखं वाटतं, पण जिवंत मुळंही भाजतात. दालचिनीची पूड कापलेल्या पानाला लावा, मुळांना नको, ती मुळं सुकवते. रोगट पान कापायचं असेल तर डागाच्या पुढे बोटभर हिरव्या भागातून कापा. कृषी सेवा केंद्रातून बुरशीनाशक आणायचं तर पुडीवरचं प्रमाण पाळा, आणि तांबं असलेलं औषध डेंड्रोबियमला देऊ नका, त्याला ते सोसत नाही. जिवाणूंच्या ओल्या डागावर कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकं काही करत नाहीत. तिथे कापणं आणि कोरडं ठेवणं हाच इलाज.

चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, दूध, गूळपाणी यांचंही लोक विचारतात. हे सगळं सालीत सडतं, आणि आपण आत्ताच सडलेलं काढून टाकलंय.

## ५. सुकवणं: पुस्तकातला वेळ इथे चालत नाही

कापलेल्या जागा सुकायला हव्यात, म्हणून "रात्रभर उघडं ठेवा" असा सल्ला सगळीकडे असतो. तो दमट हवेचा सल्ला आहे. पारा ४० च्या वर आणि हवा भाकरीसारखी कडक असताना पंख्याखाली रात्रभर ठेवलं तर सकाळी मुळांच्या काड्या मिळतील. मार्च ते मे दोन-तीन तास पुरेत, टॉवेलवर, सावलीत, पंखा बंद. जुलै-ऑगस्टमध्ये खुशाल रात्रभर ठेवा.

त्यातही, कुजलेलं नसताना नुसती कुंडी बदलायची असेल तर एप्रिल-मे टाळा, पहिला पाऊस होऊ द्या. कुजलेलं असेल तर मात्र मुहूर्त बघू नका.

## ६. नवी कुंडी

कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच. "वाढेल म्हणून मोठी घेतली" ही मुलांच्या शाळेच्या गणवेशाची रीत इथे उलटते. मोठ्या कुंडीतली जास्तीची साल ओली राहते आणि मुळं पुन्हा कुजतात. माती तर चिमूटभरही नको, आपली काळी माती तर नकोच नको. हे रोप मुळात झाडाच्या फांदीवर वाढणारं आहे, त्याच्या मुळांना हवा लागते.

तीन भाग साल, एक भाग मॉस, थोडा कोळसा. मुंबई-कोकणात नुसती साल चालते, इथे उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत कोरडी होते, म्हणून मॉस. पण ते पिळून, मोकळं करून मिसळा, बोळा करून दाबू नका. बोळाच आत्ता काढलात.

रोप मध्ये धरा, भोवती साल सोडा, कुंडी टेबलावर आपटून बसवा. पानांचं बूड सालीच्या वर राहिलं पाहिजे. ते पुरलं की गाभा कुजतो. डुगडुगत असेल तर काडी रोवून सुतळीने सैल बांधा. हलणाऱ्या रोपाची नवी मुळं सालीवर घासून मोडतात.

तपासा: पान धरून कुंडी उचला. रोप वर आलं आणि कुंडी खाली राहिली, तर पुन्हा बसवा.

फुलांचा दांडा असेल आणि टणक मुळं तीनपेक्षा कमी उरली असतील तर दांडा कापा. फुलं उमललेली असली तरी. जीव तुटतो, माहीत आहे. ग्लासात पाणी घालून ठेवा, काही दिवस तिथेही छान दिसतात.

## ७. पुढचे सहा आठवडे

पहिले दोन दिवस पाणी नाही, कडक उन्हाळ्यात एकच दिवस. सालीतला ओलावा पुरतो. नंतर वार ठरवून पाणी घालू नका. खराट्याची एक काडी कुंडीत खोल खोचून दहा मिनिटांनी काढा. ओली, गडद निघाली तर आज पाणी नाही. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी वेळ येईल, पावसाळ्यात आठवडाही जाईल.

द्यायचं तेव्हा सकाळी, कुंडी पंधरा मिनिटं पाण्यात बुडवून, मग चाळणीत पूर्ण निथळवून. गाभ्यात पाणी राहिलं तर टिश्यूच्या टोकाने टिपून घ्या. एकाच बादलीत सगळी ऑर्किडं एकामागोमाग बुडवणं म्हणजे एकाचं दुखणं सगळ्यांना वाटणं. आजारी रोपाचं पाणी वेगळं, आणि ते नंतर ओतून द्यायचं.

कूलर असलेल्या खोलीत रोप ठेवलं तर चांगलंच, हवेत ओलावा असतो. फक्त झोताच्या समोर नको. संक्रांतीच्या सुमारास, सोलापूरची गड्डा जत्रा भरते त्या दिवसांत आणलेलं रोप हिवाळाभर छान राहतं आणि मेमध्ये मान टाकतं. त्याला वरच्या मजल्यावरची तापलेली स्लॅब नडते. घरातली सगळ्यांत गार खोली त्याला द्या.

उजेडाचं माप असं: दुपारी पानाच्या वर वीतभर हात धरा. पुसट सावली पडली तर बरोबर, काळी ठळक पडली तर ऊन जास्त.

## ८. मुळंच उरली नाहीत, किंवा गाभा गेला

मुळं शून्य पण गाभा ठणठणीत असेल तर पारदर्शक पिशवी घ्या. तळाशी मूठभर मॉस, घट्ट पिळलेलं, एकही थेंब निघणार नाही इतकं. रोप त्याच्या वर टेकवा, पुरू नका. पिशवीचं तोंड बांधा, उजेडात पण उन्हात नाही अशी, पंचवीस-अठ्ठावीस अंशांच्या आसपासची जागा बघा. थेट ऊन लागलं तर आत रोप शिजतं. आठवड्याला एकदा उघडून हवा द्या, बुरशी दिसली तर मॉस बदला. एक ते तीन महिने लागतात. हा प्रयोग मेमध्ये सहसा फसतो, ऑगस्टमध्ये बऱ्याचदा जमतो.

गाभा कुजला असेल तर कुंडी उलटी धरून पाणी काढा, कुजलेलं कोवळं पान ओढून टाका, दालचिनीची पूड भरा आणि दहा दिवस वरून पाण्याचा थेंब नको. फॅलेनॉप्सिस त्या शेंड्यातून पुन्हा वाढत नाही. पण खालची पानं आणि मुळं चांगली असतील तर काही महिन्यांनी बुडातून पिल्लू येऊ शकतं. डेंड्रोबियमचं एक खोड कुजलं तर ते बुडापासून कापा, बाकीची खोडं चालू राहतात. त्याची हिवाळ्यात पानं गळली आणि खोड टणक असेल तर तो आजार नाही.

## ९. खत कधी

नवीन मूळ दिसल्यावर. त्याचं टोक हिरवं किंवा लालसर, ओलसर चमकतं, आणि ते दोन बोटं वाढेपर्यंत थांबा. आजारी रोपाला "ताकद यावी" म्हणून खत देणं म्हणजे पोट बिघडलेल्याला पुरणपोळी.

१९:१९:१९ चं (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत ५ ग्रॅम एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा. त्यातलं १०० मिली घेऊन ९०० मिली साध्या पाण्यात मिसळा, म्हणजे लिटरला अर्धा ग्रॅम होतो. पंधरा दिवसांतून एकदा, तेही साधं पाणी देऊन झाल्यावर, कोरड्या मुळांवर नाही. उरलेलं घट्ट द्रावण जास्वंदीला घाला, पण त्यात आणखी तीन-चार लिटर पाणी मिसळून.

सुरकुतलेली जुनी पानं पूर्वीसारखी ताठ होतीलच असं नाही, ती बघून निराश होऊन पुन्हा कुंडी उपसू नका. बघायचं ते गाभ्यातलं नवं पान. जुळे सोलापूरच्या काकूंच्या रोपाला ते दिवाळीनंतर आलं, करंगळीएवढं. जुनी दोन पानं अजून तशीच सुरकुतलेली आहेत.